‘फक्त चांगल्या घरात देणे आहे’

‘अर्जंट! तीन वर्षांची लॅब्राडॉर, फीमेल, अतिशय प्रेमळ, लहान मुलांशी छान खेळते. वैयक्तिक अडचणीमुळे फ्री देणे आहे. फक्त चांगल्या घरात. इच्छुकांनी आजच संपर्क साधावा.’ खाली मोबाइल नंबर, हात जोडल्याचं इमोजी आणि कॅमेऱ्याकडे बघणाऱ्या कुत्रीचा फोटो.

असा मेसेज तुम्हालाही आलेला असणार. शहरातल्या कुठल्याही सोसायटीच्या, ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात तो अधूनमधून येतोच. कुत्रीच्या जागी कधी पर्शियन मांजर असते, कधी गॅलरीत व्यायलेल्या मांजरीची चार पिल्लं. आपण फोटो बघतो, ‘अरेरे’ म्हणतो, अजून दोन ग्रुपांत मेसेज ढकलतो आणि पुण्य पदरात पडल्यासारखं वाटून कामाला लागतो. माझं म्हणणं असं की हा मेसेज ज्या पद्धतीनं लिहिला जातो, त्या पद्धतीनं तो त्या जनावरासाठी घातक आहे. आणि डोळे झाकून तो पुढे ढकलणाऱ्यांचाही त्यात वाटा आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. दिवसातला बराच वेळ दुसऱ्यांचा कोड तपासण्यात जातो आणि त्यातून एक सवय लागते. चांगल्या हेतूचा माणूस ही ओळ कशी वापरेल ते नंतर बघायचं, वाईट हेतूचा माणूस कशी वापरेल ते आधी. त्याच सवयीनं वरचा मेसेज वाचू.

‘अर्जंट’ म्हणजे देणारा घाईत आहे, फार प्रश्न विचारणार नाही. ‘फीमेल’ आणि ‘तीन वर्षांची’ म्हणजे पिल्लं काढता येतील. नसबंदीचा उल्लेख नाही, म्हणजे बहुतेक झालेली नाही. ‘प्रेमळ’ म्हणजे अनोळखी माणसाच्या गाडीतही मुकाट बसेल. ‘फ्री’ म्हणजे भांडवल शून्य. ‘आजच’ म्हणजे चौकशीला वेळच नाही. राहिली एकच अट, ‘चांगलं घर’. ती तपासणार कोण आणि कशी, याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. ‘आमचं घर तेवढं चांगलं नाही हो’ असं उत्तर आजवर कुणी पाठवलंय का?

*

गेली चार वर्षं आम्ही काही मित्रमैत्रिणी हिंजवडी-वाकड-बाणेर या पट्ट्यात लोकांच्या कुत्र्यामांजरांना दुसरं घर शोधून द्यायला मदत करतो. संस्था वगैरे नाही. एक शीट आहे, एक ग्रुप आहे आणि शनिवार-रविवार आहेत. देणाऱ्यांची कारणं ठरलेली असतात. ऑनसाइट जायचंय, लग्न ठरलंय आणि सासरी चालणार नाही, बाळ झालंय, घरमालक ऐकत नाही, नोकरी गेली. लॉकडाऊनमध्ये हौसेनं आणलेली पिल्लं ऑफिसं उघडल्यावर अशीच निघाली. ही कारणं बहुतेक वेळा खरी असतात. कुणाला प्राणी द्यायची वेळ आली म्हणून तो दगडाच्या काळजाचा, असं मी मानत नाही. उलट रडत रडत देणारेच जास्त बघितले आहेत. पण रडणं आणि चौकशी करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं केल्यानं दुसरं होत नाही.

इतके मेसेज बघितल्यावर एक गोष्ट लक्षात येते. चांगल्या घराला वेळ लागतो. तिथे आधी आईला विचारावं लागतं, मग आजी नाक मुरडते, मग घरमालकाशी बोलणं होतं. ‘काय खातो?’, ‘रात्री भुंकतो का?’, ‘गावाला गेलो तर कुठे ठेवायचा?’ असे प्रश्न येतात. ‘रविवारी बघायला येऊ का?’ असं विचारलं जातं. आणि ज्याला जनावर कशासाठी तरी वापरायचं आहे, त्याचा मेसेज चार मिनिटांत येतो. ‘सर, अजून आहे का? लोकेशन पाठवा. आज घेऊन जातो.’ कुत्रीचं नावसुद्धा न विचारता.

म्हणजे ‘जो पहिला येईल त्याला’ हा नियम लावला की आपण निवड करतोच, फक्त चुकीच्या माणसाची. त्यात किंमत शून्य असेल, तर ज्याला त्या जनावरातून पैसे काढायचे आहेत त्याच्यासाठी हा सगळ्यात फायद्याचा सौदा ठरतो. फुकट म्हटल्यावर प्रेमळ माणसं येतात हे खरंच. पण फुकट मिळालेलं विकून खाणारी माणसं त्यांच्याआधी येतात.

आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याची गोष्ट सांगतो. दोघंही आयटीत, परदेशी जायचं नक्की झालेलं. लॅब्राडॉर कुत्री, नसबंदी न झालेली. रात्री मेसेज टाकला, सकाळपर्यंत इनबॉक्स भरला. त्यातले एक गृहस्थ दुपारीच चारचाकी घेऊन हजर. मुळशीकडे फार्महाऊस आहे, मुलांना फार आवड आहे. गोड बोलणं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटांत व्यवहार आटोपला. कुत्री गेली, बरोबर तिची गादी, भांडं, उरलेलं खाणं आणि लसीचं कार्डही गेलं. पहिल्या आठवड्यात दोन फोटो आले. मग नुसत्या निळ्या टिका, मग नंबर बंद. सात-आठ महिन्यांनी आमच्यातल्या एकीला जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका अ‍ॅपवर लॅब्राडॉर पिल्लांची जाहिरात दिसली. पिल्लांच्या मागे आई आडवी पडलेली, डाव्या कानाची कड फाटलेली. तीच कुत्री, पण बरगड्या मोजता येतील अशी. जाहिरातीतला नंबर वेगळा, गाव वेगळं. पोलिसांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तुम्ही राजीखुशीनं दिली, पैसे घेतले नाहीत, कागद केला नाही. गुन्हा कशाचा लिहू?’

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

*

अशी जनावरं कुठे जातात, याची थोडी उजळणी करू. कारण ‘काय होऊन होऊन होणार?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो.

पहिली वाट वरची, पिल्लं काढण्याची. कुत्री साधारण वर्षातून दोनदा हीटवर येते आणि जेमतेम दोन महिन्यांत व्यायते. म्हणजे फुकट मिळालेल्या मादीपासून दर हीटला पिल्लं काढायची ठरवलं, तर वर्षाला दोन वेतं निघतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार दीड वर्षाच्या आतल्या कुत्रीपासून पिल्लं काढता येत नाहीत, लागोपाठ दोन हंगामांत काढता येत नाहीत आणि आयुष्यभरात पाचपेक्षा जास्त वेतं घेता येत नाहीत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. हे सगळे नियम नोंदणी केलेल्या ब्रीडरला बांधतात. एखाद्या खोलीच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये चाललेला धंदा कुठल्याच नोंदवहीत नसतो आणि त्याला कच्चा माल पुरवतो तो आपला ‘फ्री देणे आहे’वाला मेसेज.

दुसरी वाट सरळ विक्रीची. पर्शियन मांजर, शित्झू, पग, हस्की यांना बाजारात किंमत आहे. सकाळी फुकट घ्यायचं, संध्याकाळी ‘परदेशी जात असल्याने नाइलाजाने’ अशी जाहिरात टाकून विकायचं. फेसबुकवर खासगी व्यक्तींनी प्राणी विकायला मनाई आहे, म्हणून विकणारेही ‘अ‍ॅडॉप्शन’ हाच शब्द वापरतात. शब्द तोच, फोटो तसाच. त्यामुळे तुमच्यासमोर दत्तक घ्यायला आलेला माणूस गिऱ्हाईक आहे की व्यापारी, हे भाषेवरून ओळखता येत नाही.

तिसरी वाट राखणीची, आणि इथे मला त्या फार्महाऊसबद्दल बोलायचंय. ‘फार्महाऊसवर मोकळा राहील’ हे शहरी मध्यमवर्गाचं आवडतं स्वप्न आहे. वन बीएचकेमध्ये कोंडलेल्या कुत्र्याचा अपराधभाव या एका वाक्यात धुऊन निघतो. पण फार्महाऊसचा मालक तिथे शनिवार-रविवारी जातो. मधले पाच दिवस कुत्रा कुणाचा? राखणदाराच्या मर्जीवर, पावसापाण्यात, दीड मीटरच्या साखळीला. सोफ्यावर झोपलेला, माणसांत वाढलेला कुत्रा बांधकामाच्या साइटवर किंवा गोडाऊनला ‘सिक्युरिटी’ म्हणून बांधला जातो. तो भुंकत नाही, येणाऱ्याला शेपूट हलवतो. मग तो कामाचा नाही म्हणून रस्त्यावर येतो. रस्त्यावर ज्यांचा इलाका आहे ती कुत्री त्याला टिकू देत नाहीत, आणि गाडी आली की बाजूला व्हायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

चौथी वाट मांजरांची. मांजरीची पिल्लं म्हणजे आपल्याकडे मोजदादच नसलेली गोष्ट. ‘न्या बाबा कुणीतरी’ या भावनेनंच ती दिली जातात. एकदा आमच्या लक्षात आलं की तीन वेगवेगळ्या ग्रुपांतून, तीन वेगवेगळ्या नावांनी, एकाच आठवड्यात एकाच नंबरनं पिल्लं नेली होती. ‘दादा, इतकी पिल्लं कशाला लागतात?’ एवढंच विचारलं, तर नंबर बंद झाला. मांजर चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते हेही कित्येकांना माहीत नसतं. त्यामुळे हेतू चांगला असलेल्या घरीही वर्षभरात एका पिल्लाची दहा होतात आणि मग तिथूनही तोच मेसेज निघतो, ‘फ्री देणे आहे.’

*

हे काही आपल्याच देशात घडतं असं नाही. ‘फ्री टू गुड होम’ ही अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींतली जुनी ओळ. तिथे त्या ओळीचा वापर करणारा एक अख्खा व्यवसाय उभा राहिला होता. प्रयोगशाळांना कुत्री-मांजरं पुरवणारे दलाल होते आणि त्या दलालांना जनावरं गोळा करून देणारे लोक होते. त्यांना तिथे ‘बंचर’ म्हणत. हे बंचर मोकळी फिरणारी कुत्री उचलत, चोरत आणि फुकटच्या जाहिराती बघून प्राणीप्रेमी असल्याचा आव आणून घरोघरी जात.

१९६५ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतघरातून पेपर नावाची डाल्मेशियन कुत्री नाहीशी झाली. घरच्यांनी तिचा माग काढला, पण तोवर ती दलालांच्या हातांतून न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पोचून मेलीही होती. १९६६ च्या फेब्रुवारीत ‘लाइफ’ मासिकानं अशा दलालांच्या वाड्यांतली छायाचित्रं छापली, देशभर संतापाची लाट आली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रयोगशाळेतल्या प्राण्यांविषयीचा कायदा झाला. तरी दलाली थांबली नाही, तिला परवाना मिळाला एवढंच. पुढे आर्कान्सामधल्या एका मोठ्या दलालाच्या वाड्यात प्राणीहक्क कार्यकर्त्यांनी छुपं चित्रीकरण केलं. २००६ मध्ये एचबीओनं त्यावर माहितीपट दाखवला, तोवर त्याचा परवाना गेला होता आणि अडीच लाख डॉलरहून जास्त दंड झाला होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं अशा दलालांच्या कुत्र्यांसाठी संशोधन-निधी वापरायला पूर्ण बंदी घातली ती २०१४ मध्ये. म्हणजे पेपरनंतर जवळपास अर्धशतकानं.

भारतात प्रयोगशाळांनी नोंदणीकृत पैदासकारांकडूनच प्राणी घ्यावेत असा नियम आहे, त्यामुळे तो बाजार आपल्याकडे तसाच आहे असं मी म्हणत नाही. आपले बाजार वेगळे आहेत, वर सांगितलेच. पण यंत्रणा तीच आहे. ज्या वस्तूला एका ठिकाणी किंमत आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ती फुकट मिळते, तिथे मधला माणूस उगवतोच. त्याला फक्त एक गोष्ट लागते, ती म्हणजे काही न विचारणारा देणारा.

आणि एकदा दोरी हातातून सुटली की कायदा फारसा कामाला येत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये प्राण्याला मारहाण करणं, उपाशी ठेवणं, अवजड साखळीनं किंवा अगदी आखूड दोरीनं जखडून ठेवणं, वाऱ्यावर सोडणं हे सगळं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास हजार नाही, पन्नास. पुण्यात एवढ्यात दोन वडापाव येतात. प्राण्याला ठार मारलं किंवा अपंग केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण त्यासाठी आधी प्राणी कुठे आहे आणि कुणाकडे आहे, हे तरी माहीत हवं. विकणाऱ्या ब्रीडरला आणि पेट शॉपला नोंदणी लागते, तपासणी होऊ शकते. पार्किंगमध्ये फुकट देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. या व्यवहारात कायद्याच्या जागी तुम्हीच उभे आहात आणि तुम्ही विचारलं नाहीत, तर कुणीच विचारणार नाही.

*

आता माझ्याशी वाद घालणाऱ्यांची बाजू. यातले काही वाद खरोखर वजनदार आहेत.

‘जिवाचे पैसे कसे घ्यायचे? पाप लागेल.’ ही भावना मला कळते. पण आपल्याच परंपरेत दानाला एक विशेषण आहे, सत्पात्री. दान कुणाच्या हातात पडतं ते बघायची जबाबदारी देणाऱ्यावर टाकलेली आहे. मुलीला स्थळ आलं तर मराठी घर काय करतं? मुलाचा पगार, घरची माणसं, मामाकडचं गाव, शेजाऱ्यांचं मत. तीन तालुक्यांतून चौकशी फिरते. तीच माणसं पाच वर्षं लेकरासारख्या सांभाळलेल्या कुत्रीला अनोळखी गाडीत बसवताना आडनावही विचारत नाहीत, आणि त्याला दान म्हणतात.

‘आमच्या गावाकडे पिल्लं फुकटच देतात की, काही बिघडत नाही.’ बरोबर. माझ्या आजोळीही कुत्रीची पिल्लं फुकटच जायची. पण ती कुणाकडे जायची? वरच्या आळीतल्या धनगराकडे, पलीकडच्या वाडीतल्या मावशीच्या दिराकडे. आठवडी बाजारात खबर यायची, ‘तुमचं तांबडं पिल्लू आता शेळ्या राखतंय.’ कुणी हाल केले असते तर साऱ्या गावात तोंड दाखवायची चोरी झाली असती. म्हणजे तिथे पैसे नव्हते, पण ओळख होती, आणि लोक काय म्हणतील ही धाकाची गोष्ट होती. आपण ‘फुकट’ गावाकडून आणलं आणि ओळख तिथेच ठेवून आलो. ज्या व्यवस्थेत अनोळखी माणूस जवळपास नव्हताच, तिची रीत आपण हजार अनोळखी नंबरांच्या ग्रुपात चालवतोय.

‘फी ठेवली की गरीब माणूस बाहेर. प्राणी फक्त श्रीमंतांनी पाळायचे का?’ हा आक्षेप सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि मी त्याच्याशी सहमत आहे. आमच्या शीटमधल्या उत्तम घरांपैकी एक आहे येरवड्यातल्या दोन खोल्यांचं, रिक्षा चालवणाऱ्या काकांचं. त्यांच्याकडून आम्ही एक रुपया घेतला नाही. पण घरी गेलो होतो, काकूंशी बोललो होतो आणि त्या कुत्र्याचा फोटो आजही दर महिन्याला न मागता येतो. उलट आलिशान बंगल्याला आम्ही दोनदा नकार दिला आहे. घर बघणं म्हणजे फरशी बघणं नाही. माणूस कोण, राहतो कुठे, दिवसभर जनावराजवळ कोण असणार आणि घरातल्या प्रत्येकाची तयारी आहे का, एवढंच बघायचं असतं. त्याला पैसे लागत नाहीत.

इथे माझ्या बाजूच्या लोकांनाही एक गोष्ट ऐकवायला हवी. ‘पैसे घेतले की माणूस कदर करतो’ असं प्राणीप्रेमी मंडळी छातीठोकपणे सांगतात. अमेरिकेत २००९ मध्ये मांजरं दत्तक घेणाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फी भरून नेणारे आणि फुकट नेणारे यांच्या मांजरावरच्या मायेत त्यात लक्षणीय फरक दिसला नाही. मला ते पटतं. फुकट मिळालं म्हणून माया कमी होत नाही. पण ती मांजरं निवारागृहातून गेली होती, पार्किंगमधून नव्हे. निवारागृह म्हटलं की मध्ये एक संस्था असते, तिची माणसं असतात, नेणाऱ्याची नोंद असते. फी काढून टाकली तरी ते सगळं जागेवर राहतं. आपल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या व्यवहारात तेच नाही. म्हणून माझा झगडा ‘फुकट’शी नाही, ‘फुकट आणि अनोळखी आणि आजच’ या तिघांच्या युतीशी आहे. या तिघांपैकी फुकट राहू द्या, बाकीचे दोन काढा.

‘एवढ्या अटी घातल्या तर कुणी घेणारच नाही.’ घेतात. वेळ लागतो. आणि ज्याला पत्ता सांगायला त्रास होतो, तो माणूस गेला याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. सिमकार्ड घ्यायचं तर आपण ओळखपत्र देतो. भाड्यानं घर घ्यायचं तर करार करतो. नोकरीला लागताना कंपनी आपल्या जुन्या मॅनेजरला फोन करते. दोन ओळींचा बदल प्रोडक्शनमध्ये टाकायचा तर दोघांची संमती लागते. या सगळ्याला आपण ‘प्रोसेस’ म्हणतो आणि निमूट पाळतो. मग जिवंत जनावर देतानाच प्रोसेस म्हणजे संशय आणि अपमान कसा होतो?

*

मग करायचं काय? आम्ही जे करतो ते सांगतो. यातलं काहीही अवघड नाही.

सगळ्यात आधी नसबंदी. वय झालेलं असेल तर डॉक्टरांना विचारून देण्याआधी करून घ्या. ज्या मादीपासून पिल्लं निघणार नाहीत, तिच्यात पत्र्याच्या शेडवाल्याला काडीचा रस नसतो. मेसेजमध्ये ‘नसबंदी झालेली आहे’ एवढं लिहिलं तरी अर्धी गर्दी गळते, आणि जी गळते तीच नको असलेली असते. पिल्लू लहान असेल तर नसबंदी कधी आणि कुठल्या दवाखान्यात करायची ते आधीच ठरवा, त्या तारखेला स्वतः फोन करा.

दुसरं, जनावर तुम्ही त्यांच्या घरी नेऊन द्या. त्यांना तुमच्या पार्किंगमध्ये बोलावू नका. या एका बदलानं बाकी सगळं आपोआप होतं. पत्ता खरा निघतो, घरची माणसं भेटतात, बांधायची साखळी दिसते. ‘नको हो, मीच येतो, तुम्हाला कशाला त्रास’ असा आग्रह कुणी धरला, तर तिथेच थांबा. व्हिडिओ कॉल हा घर बघण्याला पर्याय नाही. यात तुमचीही सुरक्षितता आहे. अनोळखी माणसाला स्वतःच्या दारात बोलावण्यापेक्षा दोघांनी मिळून त्याच्याकडे जाणं बरं.

तिसरं, एक पानाचा कागद. देणारा, घेणारा, ओळखपत्र बघितल्याची नोंद, प्राण्याचं वर्णन, फोटो आणि तीन वाक्यं: पिल्लं काढणार नाही, दुसऱ्याला परस्पर देणार नाही, जमलं नाही तर परत तुमच्याकडेच आणणार. या कागदामुळे कोर्टात झेंडा लागेल असं नाही. पण पोलिसांच्या ‘गुन्हा कशाचा लिहू’ या प्रश्नापुढे ठेवायला हातात काहीतरी असतं. आणि सही करायची वेळ आली की वाईट हेतूची माणसं आपसूक गळतात. लसीचं मूळ कार्ड देताना त्याचा फोटो काढून ठेवा. महापालिकेचा श्वान परवाना नव्या माणसाच्या नावानं काढायला सांगा. मायक्रोचिप बसवली तर उत्तमच. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो. पण ती जीपीएस नव्हे. ती कुत्रा शोधून देत नाही, सापडलेला कुत्रा तोच आहे हे सिद्ध करते.

चौथं, पंधरा दिवसांची मुदत. ‘आधी सांभाळून बघा, नाही जमलं तर बिनदिक्कत परत आणा’ असं सांगितलं की चांगली माणसं निर्धास्त होतात. परत येण्याची वाट बंद केली, तर जनावर तुमच्याकडे येण्याऐवजी हायवेला सुटतं. मग एका आठवड्यानं, महिन्यानं, सहा महिन्यांनी फोन. फोटो नको, भेट हवी. ऑनसाइट गेला असाल तर इथल्या मित्राला हे काम देऊन जा. सामान आवरायला महिना मिळतो ना? मग कुत्र्याला शेवटच्या आठवड्यातला ‘अर्जंट’ का मिळावा? तिकीट हातात पडलं त्या दिवसापासून शोध सुरू करा.

आणि पैसे? घ्यावेसे वाटत नसतील तर घेऊ नका. द्यायची ऐपत आहे त्याला नसबंदीचं किंवा लसीचं बिल भरायला सांगा, नाहीतर एखाद्या निवारागृहाला देणगी द्यायला सांगा. ऐपत नसलेल्याला माफ करा. पण चौकशी कुणालाच माफ करू नका, ओळखीच्या ओळखीतल्यालासुद्धा नाही.

हा लेख वाचणारे बहुतेक जण स्वतः प्राणी देणारे नसतील. पण असा मेसेज पुढे ढकलणारे आपण सगळेच आहोत, आणि ग्रुपांचे अ‍ॅडमिन तर आहेतच. तेव्हा मागणी एवढीच आहे. पुढच्या वेळी असा मेसेज आला की ढकलण्याआधी टाकणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. नसबंदी झाली आहे का? घर बघायला कोण जाणार? नाही जमलं तर जनावर परत घेणार का? अ‍ॅडमिन असाल तर ही तीन उत्तरं नसलेला मेसेज काढून टाका आणि टाकणाऱ्याला फोन करून मदत करा. तो वाईट माणूस नसतो, घाबरलेला असतो. आज रात्रीच कुणाला तरी देऊन मोकळं व्हावं असं त्याला वाटत असतं. त्याला आणखी आठ दिवस धीर धरायला लावणं, गरज पडली तर ते आठ दिवस कुत्रा स्वतःच्या घरी ठेवून घेणं, हे काम करणाऱ्यांची खरी गरज आहे. मेसेज पुढे ढकलणारे आधीच भरपूर आहेत.